फडकं आणि धुण्याची पावडर हेच गाडीच्या रंगाचे दुश्मन. घरी गाडी चमकवायची तर आधी धुणं शिका

दसरा-दिवाळी जवळ आली की गावोगावी अंगणात, विहिरीजवळ, रस्त्याच्या कडेला चारचाकी गाड्या धुताना दिसतात. वॉशिंग सेंटरवर गर्दी असते, मग घरचीच बादली, घरचीच पावडर आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन पोरं कामाला लागतात. अलीकडे बऱ्याच जणांना या कामाचा छंदच लागला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळची धार काढून झाली की दोन तास गाडीसाठी राखलेले असतात. पॉलिश, वॅक्स, फोम असं सामान ऑनलाइन मागवून घरीच गाडी चमकवली जाते.

छंद चांगला आहे, पैसेही वाचतात. पण रीत माहीत नसेल तर हीच हौस गाडीच्या मुळावर येते. गावाकडं गाडी म्हणजे बहुतेकांचा कर्ज काढून केलेला व्यवहार असतो. चार-पाच वर्षांनी ती विकायची वेळ आली की घेणारा आधी रंग बघतो. कंपनीचा मूळ रंग टिकलेला असेल तर भाव मिळतो. दरवाजा किंवा बॉनेट पुन्हा रंगवलेलं दिसलं, की "गाडी ठोकलेली आहे" म्हणून भाव पाडला जातो. मग रंग नुसता उन्हाने गेला होता, हे सांगून कोणी ऐकत नाही.

चमक असते कुठं?

गाडीचा पत्रा थेट रंगवलेला नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक म्हणजे हाच थर. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवायचं कामही तोच करतो.

हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर केसापेक्षाही पातळ झाला. तो परत उगवत नाही. घासून गेला तो गेला. पॉलिश लावल्याने थर वाढतो असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण होतं उलटं. रबिंग पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर असते. ती वरचा थर किंचित घासून सपाट करते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे दर पॉलिशला थोडा थर कमी होतो.

हा थर संपला की आधी टपावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग दिसतात, मग पापुद्रे निघायला लागतात. त्यावर कोणतंच पॉलिश चालत नाही. पुन्हा रंग मारणं हाच एक इलाज उरतो.

धूळ नव्हे, पुसणं नडतं

रोज सकाळी गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नसते. त्यात वाळूचे कण असतात, खडी क्रशरची भुकटी असते, मुरूम असतो. हे कण रंगापेक्षा कठीण असतात. फडक्याखाली सापडून ते पॉलिश पेपरसारखे फिरतात. उन्हात उभ्या केलेल्या काळ्या किंवा गडद गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक अशाच पुसण्याने पडलेले असतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त पटकन दिसत नाहीत.

धूळ नुसती बसून राहिली तर लगेच काही बिघडत नाही. म्हणून धुवायला पाणी नसेल तर धूळ असू द्यावी. काचा, आरसे, दिवे आणि नंबर प्लेट तेवढी ओल्या फडक्याने साफ ठेवावी. लांब दांड्याचा डस्टर वापरायचाच असेल तर दाब न देता, हलक्या हाताने आणि फक्त उडत्या धुळीवर. दव पडून धूळ चिकटली असेल तर त्यानेही ओरखडे पडतात.

दुसरी चूक म्हणजे कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण. तेल-तूप काढण्यासाठी बनवलेली ही वस्तू गाडीवरचं वॅक्सही काढून नेते. पावडरचे न विरघळलेले दाणे रंगावर घासतात ते वेगळंच. धुतल्यावर काळपट आणि कोरडा दिसणारा रबर, बंपरवरचं पांढरं पडलेलं प्लास्टिक याला पावडरचाही हातभार असतो.

तिसरी चूक, चमक यावी म्हणून डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवणं. दोन दिवस गाडी तेलकट चमकते, नंतर त्याच तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते. दरवाज्याचे रबर फुगतात आणि लवकर सैल पडतात.

धुण्याची बरोबर रीत

गाडी सावलीत लावावी. बॉनेटला हात लावून बघावा, गरम असेल तर थांबावं. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू आणि पाणी जागेवरच वाळून डाग पडतात.

१. आधी नुसत्या पाण्याने माती खाली पडू द्यावी. या कामाला १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप फार सोयीचा आहे. मात्र पंप गाडीसाठी वेगळा ठेवावा. तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा पंप धुऊन वापरू नये. त्यातला अंश हातावर, अंगणात आणि जनावरांच्या हौदापर्यंत जातो.

२. चाकांच्या वरच्या पोकळीत काळ्या मातीचे गोळे अडकलेले असतात. ते खुरप्याने खरडायचे नाहीत. पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्यायचे, मग आपोआप सुटतात. हे काम आधी करावं, म्हणजे धुतलेल्या दारावर पुन्हा चिखल उडत नाही.

३. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शॅम्पू, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा किंवा मायक्रोफायबर शॅम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळून माती सोडायची आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. एकाच बादलीत काम केलं तर तीच माती परत गाडीवर फिरते.

४. वरून खाली यायचं. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजे, शेवटी खालची पट्टी आणि बंपर. हात गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत न्यायचा. चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं.

५. साबण वाळायच्या आत पाणी मारायचं आणि लगेच टिपून घ्यायचं. हे आपल्याकडं विशेष महत्त्वाचं आहे, कारण बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात. थेंब वाळला की पांढरी गोल खूण उरते आणि उन्हात ती घट्ट बसते. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून हलकेच ओढावा. ताजी खूण पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर मिसळून ओल्या फडक्याने निघते, नंतर तो भाग धुवावा.

फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं रंगाला लावायचं नाही. मायक्रोफायबरची लेबलं आधीच कापून टाकावीत आणि ती फडकी घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

चिकटा, डांबर, विष्ठा आणि पूजेचं कुंकू

आंब्याच्या झाडाखाली लावलेल्या गाडीवर मोहराच्या दिवसांत चिकट थर बसतो. बागायतदारांना तो ओळखीचा आहे, तुडतुड्यांचा चिकटा. तो साखरेसारखा असतो, त्यामुळे कोमट पाण्यात शॅम्पू घालून भिजवला की सुटतो. कोरडा खरवडू नये.

पक्ष्यांची विष्ठा मात्र थांबत नाही. उन्हात तापलेल्या क्लिअर कोटवर ती आपला ठसा कोरते. ओलं फडकं किंवा ओला कागद पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवावा आणि घाण उचलून घ्यावी, घासू नये. वड-पिंपळाखाली गाडी लावणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं गाडीतच ठेवावं.

नव्या रस्त्याचं डांबर दारांच्या खालच्या बाजूला उडतं. त्यासाठी टार रिमूव्हर मिळतं. ते नसेल तर डिझेलचा छोटा बोळा अर्धा मिनिट टेकवून डाग उचलावा आणि ती जागा लगेच शॅम्पूने धुवावी. एवढ्यापुरतंच डिझेल ठीक. नवीन रंग मारलेल्या भागावर तेही नको.

दसऱ्याच्या पूजेत हळद-कुंकवाचे पट्टे शक्यतो काचेवर किंवा नंबर प्लेटच्या वर लावावेत. पांढऱ्या रंगावर ओलं कुंकू वाळलं तर गुलाबी डाग राहू शकतो. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर तार रंगाला लागू देऊ नये. वाळलेला हार महिनाभर तसाच लोंबकळत राहिला की गाडी चालताना जाळीवर आणि बंपरवर घासत राहतो.

पॉलिश कधी करावं?

गाडी धुऊन वाळल्यावर स्वच्छ हात रंगावरून फिरवावा. खरखर लागत असेल तर रंगात बारीक कण रुतलेले आहेत. ते क्ले बारने निघतात. ही मातीसारखी मऊ वडी असते. शॅम्पूचं पाणी शिंपडून ती हलक्या हाताने फिरवायची. वडी खाली पडली तर फेकून द्यायची, धुऊन वापरायची नाही.

मग ओरखड्याची परीक्षा. ओरखड्यावरून नख आडवं न्यावं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने तो जाणार नाही. नख सरकत गेलं तर पॉलिशने फरक पडेल. आधी फूटभर जागेवर, कमी दिसणाऱ्या ठिकाणी, सगळ्यात सौम्य पॉलिश लावून बघावं. तेवढ्यावर भागत असेल तर खरबरीत कंपाऊंडला हात लावू नये. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश अजिबात करू नये, त्यावर चकाकणारे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत.

हाताने केलेलं पॉलिश वेळ खातं, पण धोका कमी. मशीन घ्यायचंच तर ड्युअल ॲक्शन प्रकारचं घ्यावं. त्याची चकती फिरते तशी डोलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. वेल्डिंगच्या कामाच्या ग्राइंडरला लोकरीची चकती बसवून पॉलिश करायचा प्रयोग करू नये. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. दरवाज्याच्या कडेवर, जिथं थर आधीच पातळ असतो, तिथं रंग जळायला काही सेकंद पुरतात.

वर्षातून एकदा हलकं पॉलिश पुष्कळ झालं. रीतसर धुतलेल्या गाडीला तेही लागेलच असं नाही.

वॅक्स म्हणजे राखण

पॉलिश थर कमी करतं, तर वॅक्स वरून पांघरूण घालतं. गाडीच्या वॅक्समध्ये वापरलं जाणारं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. वॅक्सचा हात भाकरीला तूप पुसावं इतका पातळ हवा. जाड लावलं तर ते नुसतं पुसण्यात वाया जातं. आपल्या उन्हात ते काही आठवडे, फार तर दोनेक महिने टिकतं. सीलंट त्याहून जास्त टिकतो. गाडीवर पाणी टाकल्यावर गोल थेंब होऊन घरंगळलं तर थर आहे. पाणी पसरून बसलं तर पुन्हा लावायची वेळ झाली.

सिरॅमिक कोटिंग महाग आणि जास्त दिवसांचं असतं. पण त्याने उडालेल्या खडीचा टवका किंवा कोरड्या फडक्याचा ओरखडा थांबत नाही.

एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. चमकवायचं कोणतंही द्रव्य स्टेअरिंगवर, पेडलवर, ब्रेकच्या चकतीवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नये. तिथं घसरण म्हणजे अपघात. डॅशबोर्डवर फार चकाकी आणली तर तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून दिसायला अडचण होते. धुतल्यानंतर गाडी हळू चालवून दोन-तीन वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे ओले ब्रेक वाळतात.

खत, दूध आणि पाणी

शेतकऱ्याच्या गाडीला गंज बऱ्याचदा आतूनही लागतो. डिकीतून युरिया-पोटॅशची गोणी नेताना सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा खातात. खाली ताडपत्री टाकावी आणि सांडलेलं त्याच दिवशी झाडून काढावं. सांडलेलं दूध मॅटखाली कुजतं, म्हणून मॅट काढून वाळवावी. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साठतं. काडीने ती मोकळी ठेवावीत.

राहिला पाण्याचा प्रश्न. पाइपातून १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर २० मिनिटं पाइप सोडून ठेवल्यावर ३०० लिटर पाणी जातं. वर सांगितलेल्या रीतीने दोन पंप आणि दोन बादल्या, म्हणजे ६२ लिटरमध्ये गाडी निघते. टँकरच्या दिवसांत हा फरक एका घराच्या पिण्या-वापरण्याच्या पाण्याएवढा आहे.

नव्याने हौस लागलेल्याने पहिला खर्च मशीनवर करू नये. शॅम्पू, मऊ हातमोजा, चार मायक्रोफायबर, एक जादा बादली आणि वॅक्सचा लहान डबा एवढ्यावर सुरुवात होते. आणि स्वतः खाली वाकून गाडी धुणाऱ्याला आणखी एक फायदा मिळतो. टायरात घुसलेला खिळा, इंजिनखालचा तेलाचा थेंब, उंदराने कुरतडलेली वायर, गंजाचा पहिला ठिपका त्याला आधी दिसतो, आणि वेळेवर दिसलेलं काम गॅरेजला थोडक्यात निघतं.