काळ्या मातीच्या गावात अडेनियमचं बी

लोणार तालुक्यातलं बीबी हा काळ्या मातीचा मुलूख. काळ्या कातळापासून झालेली ही माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. कपाशीला, सोयाबीनला हे मानवतं. अडेनियम या वाळवंटी फुलझाडाची मुळं मात्र त्यात कुजतात. म्हणून कुंडीत शेतातली माती अजिबात घालू नका. जाड वाळू आणि चाळलेला मुरूम मिळून तीन वाटे, चांगलं कुजलेलं शेणखत एक वाटा, एवढंच मिश्रण घ्या. त्यावर कढत पाणी ओतून गार होऊ द्या; बुरशी बरीच मरते.

अडेनियमच्या शेंगा जोडीनं येतात. पिकल्या की उकलतात आणि बी उडून जातं, म्हणून हिरव्या असतानाच त्यांना सैल दोरा गुंडाळावा. बी काडीच्या तुकड्यासारखं, दोन्ही टोकांना रेशमी झुपके. झुपके काढून ते आडवं ठेवा आणि वर वाळूचा पातळ थर द्या. बी ताजंच हवं; जुनं उगवतच नाही म्हटलं तरी चालेल.

पेरणी होळीच्या सुमारास करावी. पंचवीस-तीस अंश उबेत आठवड्याभरात कोंब दिसतो. लोक चुकतात ते इथेच. वाळवंटातलं झाड म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी तोडतात. पण एवढ्याशा रोपाच्या बुडात अजून साठा कुठला? पहिला महिना ओल टिकली पाहिजे, चिखल मात्र नको. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून बुडातून पाणी चढू द्या आणि वरची वाळू ओली दिसली की उचला. सकाळचं कोवळं ऊन द्या. वैशाखाच्या दुपारी सावलीला हलवा. चार-सहा पानं आली की पाण्याच्या पाळ्या लांबवा. पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्या, कारण झडीत सडलेलं रोप सहसा वाचत नाही.

फांदी लावून झाड लवकर फुलतं, हे खरं. पण हंड्यासारखं फुगीर बूड हवं असेल तर बीच पेरावं, असं माझं ठाम मत आहे. फुलाचा रंग आईसारखाच येईल याची खात्री नसते, आणि पहिल्या फुलासाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं.

एक जरूर सांभाळा: अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे. त्याचा चीक विषारी असतो. कुंडी लेकरांच्या आणि शेळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा, हात साबणानं धुवा.