आधी काटा, मग स्प्रिंग

जानेवारीतली दुपार. सोलापूर-मोहोळ रस्त्यावरच्या एका वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, त्यावर दोरखंडानं करकचून आवळलेला ऊस. त्या रांगेत मधेच माझ्या भाच्याची जिम्नी, जीपच्या घाटाची छोटी गाडी. नंबर आला तेव्हा काटेवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "काय ओ काका, ऊस कुठाय ह्यात?"

ऊस नव्हता, हौस होती. पुढं लोखंडी बंपर आणि रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच, टपावर कॅरिअर, दोन्ही कडांना पोलादी पाइप, मोठे टायर, मागं पाण्याचा कॅन आणि पान्यांची पेटी. गाडीत कुणीच बसलेलं नसताना काट्यावर आकडा आला १,४५० किलो.

कंपनीतून निघते तेव्हा या गाडीचं वजन साधारण १,२०० किलो असतं. माणसं, सामान सगळं धरून तिनं जास्तीत जास्त १,५४५ किलोपर्यंत जावं, अशी कंपनीची मर्यादा. म्हणजे मुळात ३४५ किलोंची सोय. त्यातले अडीचशे हौसेनंच खाल्ले. उरले ९५. भाचा आणि त्याचा एक किडकिडीत मित्र बसला, की गाडी भरली. ते मात्र चौघं मिळून उजनीच्या काठानं करमाळ्याकडं तंबू घेऊन जायचा बेत आखत होते.

खरं तर सोलापूरकराला काट्याचं महत्त्व सांगायला नको. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. इथला शेतकरी कारखान्यावर जाण्याआधी बाहेरच्या काट्यावर ऊस तोलून बघतो. पण गाडीवर पन्नास-साठ हजारांचं लोखंड चढवणारी पोरं ती एकदाही तोलत नाहीत. गाडी मागून बसायला लागली की थेट गॅरेज गाठतात आणि 'कडक स्प्रिंग टाका' म्हणतात.

वजन किती, त्याहून ते कुठं

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. माल मागं जास्त झाला की गाडीची उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढं जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून ऊस भरतानाच गाडीवान मोळ्या पुढं-मागं करून तोल साधतो. ट्रॅक्टरलाही तोच नियम लागू पडतो. मागची ओढ वाढली की त्याचं नाक उचलतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकेनासं होतं. म्हणून ट्रॅक्टरच्या नाकावर बिडाची वजनं अडकवलेली दिसतात.

जीपमध्ये हाच तराजू उलटा चालतो. भाच्याचा बंपर आणि विंच मिळून भरले ७५ किलो. ते पुढच्या आसाच्याही पुढं, साधारण ७० सेंटिमीटरवर लटकलेले. जिम्नीच्या दोन आसांमधलं अंतर २,५९० मिलिमीटर. तराजूचा हिशेब मांडला, तर पुढच्या चाकांवर ७५ नव्हे, ९५ किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे २० किलो कमी होतात. त्यामुळं पुढचे स्प्रिंग दबलेले आणि मागचं टोक हलकं. ब्रेक दाबला की गाडी नाकावर येते.

टपावरच्या वजनाची गोष्ट वेगळी. ३५ किलोचं कॅरिअर आणि त्यावर लादलेलं सामान हे सगळं गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतं. सपाट डांबरीवर कळत नाही. बांधावरून तिरकं उतरताना कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जड सामान नेहमी खाली, दोन आसांच्या मधे आणि घट्ट बांधून ठेवायचं. टपावर फार तर तंबू आणि अंथरुणं.

मोठ्या टायरचं वजन याहून निराळं. ते स्प्रिंगच्या खाली असतं आणि फिरतं असतं. एकेका चाकाला पाच-सहा किलो वाढले, तरी इंजिनाला ते फिरवायला आणि ब्रेकला थांबवायला जास्त कष्ट पडतात. सोलापूरहून तुळजापूरला जाऊन घाट उतरताना हा फरक पायाला जाणवतो. गाडीचं वजन पाचव्या हिश्श्यानं वाढलं, तर त्याच वेगातून थांबताना ब्रेकला तेवढीच जास्त उष्णता पचवावी लागते. म्हणून भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे.

आणि आपली काळी माती! मंगळवेढ्याकडं पावसानंतर शेतात उतरलात, तर ती चाकाला अशी चिकटते, की टायरची नक्षी बुजून चाक गुळगुळीत होतं. हलकी गाडी वरवर निघून जाते, जड गाडी रुतते. मग विंच लागतो. म्हणजे विंच वाहून नेल्यामुळं विंचची गरज वाढली! चिखलात टायरची हवा कमी केली की पकड मिळते, पण त्याचबरोबर टायरची भार पेलायची ताकदही घटते. डांबरीवर आल्याबरोबर हवा पुन्हा भरायची. सोलापूरच्या मे महिन्यात कमी हवेचा, जास्त भाराचा टायर तापून फुटायला वेळ लागत नाही.

जीपचा जन्मच वजनाच्या भांडणातला

१९४० मध्ये अमेरिकी लष्करानं छोटी, हलकी गाडी मागवली तेव्हा वजनाची कडक अट घातली. ती पुढं २,१६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर आली. विलीज कंपनीचा नमुना शंभर किलोंहून जास्त भरला. अभियंता बार्नी रूस यांनी गाडी सुटी केली, नटाबाहेर डोकावणारी बोल्टची टोकंसुद्धा कापली, जाड पत्र्याच्या जागी पातळ पत्रा घातला आणि गाडी अटीत बसवली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी ज्या जीपची जुळणी सुरू केली, ती हिच्याच घराण्यातली. ज्या गाडीसाठी बोल्टची टोकं मोजली गेली, तिच्या वारसांवर आज आपण क्विंटल-क्विंटल लोखंड चढवतो.

कायद्याचं म्हणाल, तर तो अधिकच स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. लोखंडी 'बुल बार' काढायला लावण्याचे निर्देश केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बंपरला मनाई असण्याचं कारण साधं आहे. मूळ बंपर धडकेत चेपतो आणि धक्का गिळतो. लोखंडी बंपर चेपत नाही, तो धक्का आतल्या माणसांकडं आणि समोरच्या पादचाऱ्याकडं पाठवतो.

मग स्प्रिंग केव्हा बदलायचे? कायमचं वजन किती आहे, हे कळल्यावर. एका सहलीच्या सामानासाठी कडक स्प्रिंग टाकले, तर वर्षभर रिकामी गाडी खडखडत, उड्या मारत चालते आणि खड्ड्यांत टायर रस्ता सोडतो. शिवाय एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: जाड स्प्रिंग टाकल्यानं गाडी वर उचलली जाते, तिची भारमर्यादा वाढत नाही. आस, बेअरिंग, ब्रेक, चासी सगळं तेच असतं.

तोलायची पद्धत सोपी आहे. टाकी भरून, नेहमीचं सामान ठेवून काट्यावर जा. आधी पूर्ण गाडी तोला. मग जागा सपाट असेल तर फक्त पुढची चाकं काट्यावर, नंतर फक्त मागची. भाच्याच्या गाडीचे आकडे आले पुढं ७८० आणि मागं ६७०. मोठे काटे बहुधा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं आकडा दाखवतात, तेवढा फरक धरून चाला. आरसी आणि कंपनीच्या पुस्तिकेतले आकडे शेजारी ठेवा. टायरच्या कडेवरचा भारांकही वाचा. तिथं ९६ असेल, तर तो एक टायर पुरेशा हवेवर ७१० किलो पेलतो.

पंधरा दिवसांनी भाचा पुन्हा काट्यावर गेला. विंच आणि बंपर उतरवून मूळ बंपर बसवला होता, टपावरचं कॅरिअर घरी ठेवलं होतं. पावतीवर आकडा होता १,३५० किलो. स्प्रिंग कंपनीचेच आहेत, अजून बदललेले नाहीत.