‘त्यांच्या घराण्यात आहे!’

पुण्यात लग्नाच्या बोलणीत दबक्या आवाजात एक वाक्य अजून ऐकू येतं : “मुलगी चांगली आहे हो, पण तिच्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. उद्या मुलांत उतरणारच!” बोलणारी माणसं चांगली शिकलेली असतात, म्हणून जास्त चीड येते. याच शहरात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ १९९७पासून काम करते आहे, २००४ साली ‘देवराई’सारखा चित्रपट येऊन गेला, तरी हा ‘च’ काही जात नाही.

वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. तेव्हा आकड्यांनीच बोलू. हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शंभरात एकाच्या आसपास असते. आई-वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलांत ती शंभरात दहाच्या आसपास जाते. म्हणजे दहापट वाढते हे खरं, पण उरलेल्या नव्वद जणांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. मामा-भाचीच्या नात्यात हा आकडा दोन ते चारवर येतो आणि भाचीच्या मुलांपर्यंत आणखी खाली. उलट, बहुतेक रुग्णांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतोच.

“पण तो ऐंशी टक्के आनुवंशिक आहे, असं वाचलंय!” बरोबर वाचलंत, अर्थ चुकीचा लावलात. लोकसंख्येत या आजाराकडे असलेला कल माणसागणिक कमी-जास्त असतो. त्या फरकातला किती वाटा जनुकांचा, एवढंच तो आकडा सांगतो. एखाद्या व्यक्तीला आजार होण्याची शक्यता तो सांगत नाही. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या २०१८च्या अभ्यासात आनुवंशिकता ७९ टक्के निघाली. पण एका एकसारख्या जुळ्याला आजार असताना दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण ३३ टक्केच होतं. जनुकं जवळपास तीच, तरीही!

मग ‘ते जनुक’ तपासून घेता येईल का? एकच एक असं जनुक नाही. २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात जनुकसंचातल्या २८७ जागांचा संबंध दिसला, आणि त्यातल्या प्रत्येकीचा वाटा किरकोळ. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळणं यासारखे मोठे दोष असतात, पण क्वचित; आणि तिथेही साधारण चौघांत एकालाच आजार होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

• दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व : तो वेगळाच विकार.
• लग्न लावलं की बरा होतो : होत नाही, दोन घरं मात्र होरपळतात.
• रुग्ण हिंसक असतात : बहुतेक नसतात, हिंसेचे बळीच जास्त ठरतात.
• आनुवंशिक म्हणजे उपाय नाही : मधुमेहही आनुवंशिक असतो, गोळ्या घेतोच ना?

कुटुंबातला आजार माहीत असण्याचा खरा उपयोग सावध राहण्यासाठी करा. तरुण मुलांना गांजापासून दूर ठेवा. कुणी नसलेले आवाज ऐकू लागलं, विनाकारण संशय घेऊ लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. आणि मामाच्या आजारावरून भाचीचं स्थळ नाकारू नका. त्याला विज्ञानाचा आधार नाही.