थंडाव्याची किंमत : वीज की पाणी?

लेखमाला : विजेचा आणि पाण्याचा हिशेब – लेखांक ४

डेटा सेंटरमधले सर्व्हर जी वीज घेतात, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, हे मागच्या आठवड्यात पाहिले. ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल, असा तिचा अंदाज आहे. त्यामुळे थंडावा कसा मिळवायचा, हा आता केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहिलेला नाही.

कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘पीयूई’ हे गुणोत्तर वापरतात. केंद्राला लागलेल्या एकूण विजेला संगणकांना प्रत्यक्ष मिळालेल्या विजेने भागायचे. उत्तर १.५ आले, तर संगणकाच्या प्रत्येक युनिटामागे आणखी अर्धे युनिट मुख्यतः थंडाव्यावर गेले. गरम आणि गार हवेचे मार्ग वेगळे ठेवणे, खोली विनाकारण गारठवण्याऐवजी सर्व्हरला २७ अंशांपर्यंतची हवा देणे, अशा साध्या उपायांनीही हा आकडा खाली येतो.

तो आणखी खाली आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन. इथेच महाराष्ट्राचा भूगोल आडवा येतो. मुंबई परिसरात देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा सुमारे निम्मा वाटा आहे. ऐरोली, रबाळे, महापे हा त्याचा मुख्य पट्टा. तिथली हवा दमट, म्हणून बाष्पीभवनाने फारसे गार होत नाही. पुणे-अहिल्यानगरच्या पठारावर उन्हाळ्यात हवा कोरडी असते. तिथे हे तंत्र उत्तम चालते. पण नेमके तेव्हाच तिथे पाणी नसते.

हिशेब करून पाहू. एक युनिट उष्णता बाष्पीभवनाने काढायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. एक मेगावॉटचे केंद्र दिवसाला २४ हजार युनिट उष्णता सोडते. ती सगळी अशी काढायची, तर रोज ३६ हजार लिटर पाणी हवेत जाते, म्हणजे १२ हजार लिटरचे तीन टँकर. मोठी केंद्रे तर कित्येक मेगावॉटची असतात. पाथर्डी किंवा पारनेर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पीयूईमध्ये मात्र तो कुठेच दिसत नाही.

बंद नळ्यांतून चिपपर्यंत द्रव फिरवून उष्णता उचलणे, हा दुसरा मार्ग आहे. पुण्याच्या ‘आयसर’मधला ‘परम ब्रह्म’ महासंगणक असाच थंड ठेवला जातो. नळ्यांतले पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते. बाहेर ती उष्णता पंख्यांनी हवेत सोडली, तर पाण्याची नासाडी जवळजवळ थांबते. पण कडक उन्हाळ्यात वीज थोडी जास्त लागते. पठारावर हा सौदा स्वीकारायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. वीज दुरून आणता येते. आटलेली विहीर वीजवाहिनीने भरत नाही.

मग वीज कुठली? सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, पण आपल्याकडे वारा पावसाळ्यात जोमात असतो. सौर वीज दिवसाच मिळते, सर्व्हर मात्र रात्रीही चालतात. म्हणून वर्षाकाठी ‘तेवढीच हरित वीज विकत घेतली’ असे सांगणे पुरेसे नाही; तासातासाचा मेळ बसला पाहिजे. त्यासाठी साठवण हवी, आणि तिचा नमुना अकोले तालुक्यातच आहे. २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पात वीज मुबलक असताना सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज निर्माण करतात. चढवताना लागलेल्या विजेपैकी काही भाग परत मिळत नाही, पण दुपारचे ऊन संध्याकाळी वापरण्याचा हा कसाला उतरलेला मार्ग आहे.

राहिला प्रश्न नियमांचा. नगर तालुक्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यावर पिके ठरवण्याची शिस्त लावली. शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. स्वतःच्या शेतावर बंधन घालून घेणाऱ्या गावाला जे जमते, ते कोट्यवधींची गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांना जमलेच पाहिजे. परवानगी देताना शासनाने तीन गोष्टी जाहीर करणे सक्तीचे करावे : पीयूई, दर युनिटामागे लागणारे पाणी आणि ते पाणी कुठल्या धरणातून वा नाल्यातून येणार. पिण्यायोग्य पाण्याऐवजी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची अटही असावी. ही माहिती समोर नसेल, तर ‘हरित’ ही पाटी कुणालाही लावता येते. म्हणून आधी ताळेबंद, मगच परवानगी.

(पुढील लेखांकात : जुने सर्व्हर निकालात निघतात, तेव्हा ते जातात कुठे?)