दोर आधी, उडी शेवटी

गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत चढले याची चौकशी अवघ्या नाशकात सुरू होते आणि गंगापूर धरणातून सोडलेल्या विसर्गाचे आकडे चहाच्या टपरीवरही घोकले जातात. परंतु एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरील रेटा चौपट होतो, हा हिशेब पुलावरच्या गर्दीतील फारच थोड्यांना ठाऊक असतो. नौकाविहार करणारी मंडळे शनिवार-रविवारची सुट्टी साधून जलसुरक्षेची जी शिबिरे भरवतात, त्यांचे प्रयोजन हेच अज्ञान दूर करणे हे होय.

पाण्याशी सख्य जन्माने लाभावे लागते, हा समज मात्र खरा नव्हे. चांदवडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यावर वल्हे हाती धरतात, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे येतात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकाचे मानकरी होतात. यावरून ही विद्या शिकून संपादन करता येते, हे सिद्धच आहे.

अशा शिबिरात प्रथम शिकवतात ते पोहणे नव्हे, तर उडी न मारणे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही; तोंड पाण्याखाली जात असता श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडते, हात आधारासाठी पाणी खाली दाबत राहतात, आणि जो कोणी जवळ येईल त्याला तो गच्च मिठी मारतो. म्हणून क्रम ठरलेला असतो: आधी काठावरून हाक, मग काठी किंवा वल्हे पुढे करणे, मग दोर फेकणे, त्यानंतर होडी, आणि सर्व उपाय खुंटल्यावरच, तेही शिक्षण घेतलेल्याने व लाइफ जॅकेट चढवून, पाण्यात उतरणे.

दोर फेकणे दिसते तितके सोपे नाही. पिशवीत भरलेल्या पंधरा-वीस मीटर दोराचे एक टोक डाव्या हातात धरून, 'दोर!' अशी आरोळी देऊन, पिशवी बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे अशी टाकावी लागते की दोर त्याच्या खांद्यावर पडेल. तो मनगटाला गुंडाळण्यास सक्त मनाई असते, कारण प्रवाहाचा हिसका बसला तर फेकणाराच पाण्यात ओढला जातो. पहिले काही प्रयत्न हमखास चुकतात, आणि ते शिबिरात चुकावेत हेच इष्ट.

उलटलेल्या कयाकशी झुंजणे हा पुढचा धडा. होडी सोडू नये, वल्हे सोडू नये. सोबत्याने उलटी होडी आपल्या होडीवर आडवी ओढून आतले पाणी ओतून द्यावे, ती सरळ करावी व मालकाला पुन्हा आत बसवावे. वाहत्या पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. तळाशी पाय टेकू पाहणाऱ्याचा पाय खडकांच्या फटीत अडकतो आणि पाणी त्याला आडवे पाडते. लहानशा बंधाऱ्याखालचे पाणी तर वरून निवांत भासते. प्रत्यक्षात तेथील उलटा प्रवाह माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे खेचत राहतो.

बाहेर काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढण्याची जुनी रीत शिबिरात ठामपणे वर्ज्य मानतात. श्वास नसेल तर १०८ ला कळवण्याची तजवीज करून प्रथम तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. २०२७ च्या सिंहस्थात गोदाकाठी लोकांचा महापूर लोटेल. बंदोबस्त सरकार करील, जीवरक्षकही नेमले जातील, परंतु पहिले काही क्षण काठावर हजर असलेल्याच्याच हाती असतात. तेव्हा घाटावरच्या दुकानदारांनी, तालमींनी व पोहणाऱ्या मंडळींनी एक लांब दोर आणि एक रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन हाताशी ठेवावा, आणि पुराची वाट न पाहता या उन्हाळ्यातच ते फेकण्याचा सराव करावा.