अडगावच्या माळावरचे मन्याबापू

जळगाव जामोदहून सातपुडा डाव्या हाताला ठेवून पूर्वेला निघालं, की संग्रामपूर मागे पडतं, हिवरखेड लागतं आणि पुढे अडगाव बुद्रुक येतं. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, तूर अजून उभी असते. इंग्रजी पुस्तकांत या गावाचं नाव 'अर्गाम' असं छापलेलं आढळतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी संध्याकाळी इथे जी लढाई झाली, तिने वऱ्हाडाचा मालक बदलला.

जिंकणाऱ्याचं नाव जगाला पाठ आहे. मेजर जनरल आर्थर वेलस्ली, वय ३४. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला पाडणाऱ्यांत त्याचं नाव लागलं. हरणाऱ्या फौजेचा सेनापती मात्र वऱ्हाडातल्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. ते होते व्यंकोजी भोसले, नागपूरकर दुसऱ्या रघूजींचे धाकटे भाऊ. घरात आणि दरबारात त्यांना मन्याबापू म्हणत. थोरल्याकडे 'सेनासाहेबसुभा' हा किताब, धाकट्याकडे 'सेनाधुरंधर'. छत्तीसगडचा कारभारही मन्याबापूंच्या नावावर होता, पण तो ते नागपुरात बसून सुभेदारांमार्फत चालवत.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तो मानवला नाही आणि पुढल्या ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटलं. अहमदनगर पडलं, २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव झाला, ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि असीरगडही गेले. युद्ध आता वऱ्हाडाच्या दारात आलं. नोव्हेंबरात शिंद्यांनी वेलस्लीशी तात्पुरती युद्धबंदी ठरवली. भोसल्यांना ती मिळाली नाही. तरीही लढाईच्या दिवशी शिंद्यांचं घोडदळ मन्याबापूंच्या उजव्या बाजूला उभं होतंच. युद्धबंदीच्या अटी पाळल्या नाहीत, असं म्हणत वेलस्लीने दोघांवरही चाल केली.

त्या दिवशी इंग्रजी फौज सकाळपासून उन्हात चालून थकली होती. वेलस्ली तळ देण्याच्या विचारात होता. पण अडगावपुढच्या मैदानावर मराठी फौज पसरलेली दिसली, कैक मैल लांब. मधोमध पायदळ आणि तोफा, बाजूंना घोडदळ. दुपार कलल्यावर त्याने चढाईचा हुकूम सोडला.

मराठी तोफांनी पहिला तडाखा असा दिला, की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल बुजले, रांगांत घुसले आणि देशी शिपायांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. यातले काही शिपाई दोनच महिन्यांपूर्वी असईच्या आगीत पाय रोवून उभे राहिलेले. वेलस्ली जवळच होता. तो स्वतः पुढे गेला, पळणाऱ्यांना जवळच्या एका गावाच्या आडोशाला गोळा केलं आणि पुन्हा रांगेत आणून उभं केलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, हे त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलं. मन्याबापूंच्या हातात काही क्षण होते. त्या क्षणी त्यांचं घोडदळ त्या भगदाडात घुसलं नाही. पराभवाचं खापर इथेच फोडावंसं वाटतं.

पुढचं झटपट झालं. भोसल्यांकडच्या अरब पायदळाने दोन गोऱ्या पलटणींवर थेट चाल केली आणि त्यातले शेकडो जण तिथेच कापले गेले. बाकीची रांग तुटली. इंग्रजांच्या हाती ३८ तोफा लागल्या. त्यांच्याकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास होते. पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालू राहिला.

सहा वर्षांनी, जुलै १८०९ मध्ये, हाच वेलस्ली स्पेनमध्ये तालावेराला उभा होता. शेजारी दोस्त फौज घेऊन स्पेनचे म्हातारे सेनापती कुएस्ता. लढाईच्या आदल्या संध्याकाळी स्पॅनिश पायदळाच्या चार पलटणी स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने बिथरून पळाल्या. कुएस्तांनी पळालेल्यांतले कित्येक जण गोळ्या घालून मारायला काढले, तेव्हा वेलस्लीने मध्ये पडून बहुतेकांचे जीव वाचवले. घाबरलेली पलटण म्हणजे मोडलेली पलटण नव्हे, हे तो अडगावला पाहून आला होता. १८१२ साली स्पेनने त्याला सिउदाद रॉद्रिगोचा ड्यूक केलं आणि त्याच वर्षी आपल्या सगळ्या सैन्याचं सेनापतिपदही दिलं. वऱ्हाडात लढलेला माणूस स्पेनचा सरदार झाला तो असा.

स्पेनच्या सेनापतींनी मैदानात नेपोलियनच्या फौजांकडून मार खाल्ला, पण तिथल्या टोळ्यांनी डोंगरातून फ्रेंचांची रसद, टपाल आणि पहारे सतत तोडले. ही विद्या मराठ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मन्याबापूंच्या पाठीशी सातपुडा होता, नरनाळ्याचा किल्ला होता, गाविलगड होता. पण अठराव्या शतकाच्या शेवटी मराठी दरबारांनी कवायती पायदळ आणि जड तोफांवर पैसा ओतला होता, आणि जड तोफा घेऊन गनिमी काव्याने लढता येत नाही. मोकळ्या मैदानावर शिस्तीच्या फौजेला तिच्याच पद्धतीने गाठायचं ठरवलं, तिथेच अर्धी लढाई गेली होती.

मोडलेल्या पायदळातले बरेच जण गाविलगडावर चढले. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत तोफा वर ओढून नेल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाच्या 'शार्प्स फोर्ट्रेस' या कादंबरीत मन्याबापू गाविलगडाच्या लढाईतलं एक पात्र म्हणून येतात. कादंबरी वाचून त्यांचं चरित्र ठरवू नये, एवढंच.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालासोर इंग्रजांना दिलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. नरनाळा, गाविलगड आणि भोवतालचा थोडा प्रदेश तेवढा त्यांच्याकडे उरला. तोवर वऱ्हाडात भोसले आणि निजाम या दोघांनाही वसूल द्यावा लागे, या पद्धतीला लोक दोअमली म्हणत. आता निजाम एकटा धनी झाला. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि जळगाव (जामोद) तालुका अकोला जिल्ह्यात राहिला. १९०५ च्या फेररचनेत तो बुलढाण्याला जोडला गेला.

मन्याबापू अडगावनंतर आठ वर्षं जगले. १८११ मध्ये ते काशीयात्रेला गेले आणि तिथेच वारले. त्यांचा मुलगा मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, चुलतभाऊ परसोजीच्या पश्चात नागपूरच्या गादीवर बसला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीला त्यानेही इंग्रजांशी लढाई दिली आणि हरला. कैदेतून निसटून तो महादेवाच्या डोंगरात शिरला, गोंडांच्या मदतीने काही महिने झुंजत राहिला, नंतर पंजाबपर्यंत भटकला. शेवटी जोधपूरच्या राजाने त्याला आसरा दिला आणि १८४० मध्ये तो तिथेच मरण पावला.