वर्णरेषेची रुंदी काय सांगते?

वर्णरेषेच्या जागेवरून मूलद्रव्य ओळखतात, हे आपण वर्गात सांगतो. पण वर्णरेषा म्हणजे भूमितीतली रुंदी नसलेली रेषा नव्हे. तिला रुंदी आणि आकार असतो. ती ज्या प्लाझ्मातून, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या मिश्रणातून येते, त्याची अवस्था त्या आकारावरून कळते.

७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकेत हार्कनेस आणि यंग यांना सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. तिची तरंगलांबी ५३०३ अँगस्ट्रॉम. ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून ‘कोरोनियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. कोडे सुटायला सुमारे सत्तर वर्षे लागली. ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून दिसले, की ही रेषा २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. इतके इलेक्ट्रॉन निघायला तापमान लाखो अंश हवे. सूर्याचा पृष्ठभाग तर सुमारे ६००० केल्विनचा!

येथे रुंदीची साक्ष कामी आली. आपल्याकडे धावणाऱ्या अणूच्या प्रकाशाची तरंगलांबी थोडी कमी भासते, दूर जाणाऱ्याची थोडी जास्त. हा डॉप्लर परिणाम. असंख्य अणूंचा प्रकाश एकत्र आला, की रेषा घंटेच्या आकारात फुगते. अणूंचा वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ६००० केल्विनला लोखंडाच्या या रेषेची निम्म्या उंचीवरची रुंदी ०.०४ अँगस्ट्रॉम येईल. २० लाख केल्विनला ०.७. प्रत्यक्षात ती सुमारे ०.९ भरते. म्हणजे प्रभामंडळ खरोखरच लाखो अंश तप्त आहे.

मग उरलेली रुंदी कशाची? वायूच्या खळबळीची. खळबळ हलक्या-जड अणूंना सारख्याच वेगाने वाहून नेते. उष्णता मात्र हलक्यांना अधिक पळवते. एकाच तापमानाला हायड्रोजनचा अणू लोखंडापेक्षा सुमारे साडेसात पट वेगवान असतो. म्हणून एकाच भागातून येणाऱ्या, वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या रेषा ताडून पाहिल्या, की दोन्ही कारणे वेगळी करता येतात.

तिसरे कारण दाटीचे. व्याधाचा साथीदार हा श्वेतबटू तारा सुमारे २५,००० केल्विन तप्त आहे. या तापमानाने हायड्रोजनच्या रेषेला १ अँगस्ट्रॉमही रुंदी येत नाही. तरी तिचे पंख पन्नास अँगस्ट्रॉमपलीकडे पसरतात. प्रचंड गुरुत्वामुळे तेथील वायू दाबला गेला आहे; शेजारच्या आयनांची आणि इलेक्ट्रॉनांची विद्युतक्षेत्रे अणूच्या ऊर्जापातळ्या हलवतात. हा स्टार्क परिणाम. पंख जितके लांब, तितकी दाटी अधिक.

तेव्हा रेषा रुंद दिसली, की ‘तापमान जास्त’ असे उत्तर देण्याची घाई करू नये. आधी आकार पाहावा: घंटेसारखा झटकन उतरणारा, की लांब पंखांचा?